जुन्या पीसीत ग्राफिक्स कार्ड: आधी कॅबिनेट उघडा, मग पैसे काढा

घरच्या जुन्या पीसीत गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरलं की बहुतेक घरांत एकच क्रम दिसतो. आधी मोबाइलवर कार्डांचे भाव बघायचे, मग सोलापूरच्या नवी पेठेत दोन-तीन दुकानं फिरायची, कार्ड घरी आणायचं आणि सगळ्यात शेवटी कॅबिनेट उघडायचं. मग कळतं की कार्ड हार्डडिस्कच्या खणाला अडतंय, किंवा एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, कार्डाची वायरच नाही, किंवा मॉनिटरला फक्त जुनी निळी व्हीजीए केबल लागते आणि कार्डावर तसा पोर्टच नाही. दुकानात विचारलं होतं तेव्हा उत्तर मिळालेलं असतं, "बसतंय की, न्या बिनधास्त." दुकानदाराने तुमचं कॅबिनेट पाहिलेलंच नसतं, त्यामुळे त्या उत्तराला अर्थ नाही.

खालचे टप्पे डेस्कटॉपसाठी आहेत, साधारण इंटेलच्या तिसऱ्या ते नवव्या पिढीच्या किंवा एएमडीच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या रायझनच्या मशीनसाठी. पहिले चार टप्पे खिशातून एक रुपया न काढता करायचे आहेत. ते झाल्याशिवाय पाचव्यावर जाऊ नका.

## टप्पा १: मशीनमध्ये काय आहे ते कागदावर लिहा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स भागात प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम किती ते दिसतं. मदरबोर्डचं मॉडेल तिथे मिळत नाही. त्यासाठी सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि मेनबोर्डच्या पानावरचं नाव उतरवून घ्या.

सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या माहितीत विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हेही बघा. चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर कोणीतरी कधीकाळी ३२ बिट विंडोज टाकलेलं असतं आणि ते तसंच चालत राहतं. आजच्या कार्डांना ६४ बिटच लागतं. एनव्हिडियाने ३२ बिट विंडोजसाठी नवे ड्रायव्हर देणं २०१८ मध्येच थांबवलं. म्हणजे तुमचं विंडोज ३२ बिट असेल तर आधी ते बदलायचं, मग कार्डाचा विचार करायचा.

विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. काही ऑनलाइन गेम यावर अडतात. उदाहरणार्थ, व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी दोन्ही चालू लागतात. मुलगा नेमका कोणता गेम खेळणार आहे ते आधी विचारा आणि त्या गेमच्या किमान गरजा वाचा. काही नव्या गेमना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ (जलद आकडेमोडीची सोय) लागतं आणि ते इंटेलमध्ये चौथ्या पिढीपासून आलं. तिसऱ्या पिढीच्या मशीनमध्ये कितीही भारी कार्ड घातलं तरी असा गेम सुरू होणार नाही.

तपासा: कागदावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, विंडोज आणि गेमची नावं आली का?

## टप्पा २: एसएमपीएसचं लेबल वाचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्याला घाई करू नका.

मशीन बंद करा, भिंतीतला प्लग काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा. मग कॅबिनेटची डावी बाजू उघडा. एसएमपीएस म्हणजे मागच्या कोपऱ्यातला, पंखा असलेला लोखंडी डबा. त्यावरच्या लेबलचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा. लेबल आतल्या बाजूला गेलं असेल तर मागचे चार स्क्रू काढून डबा थोडा बाहेर ओढा. डबा मात्र कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरलेला असू शकतो.

आता लेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलेले ४५० किंवा ५०० वॅट विसरा. त्याच लेबलवर एक छोटा तक्ता असतो. त्यात +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. असेंबल केलेल्या मशीनमध्ये कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर बरेचदा असं दिसतं: वर ठळक ४५० वॅट, आणि तक्त्यात १२ व्होल्टला १६ अँपिअर. गुणाकार करा. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसरच्या कामाची ताकद एवढीच.

यातून वजाबाकी करायची. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह साधारण ८४ वॅटचा. पंखे, हार्डडिस्क आणि बोर्ड मिळून २५ धरा. उरले ८३. त्यावर ७५ वॅटचं कार्ड जेमतेम चालेल, तेही एसएमपीएस नवा असता तर. दहा वर्षं वापरलेल्या स्वस्त एसएमपीएसकडून लेबलवरचे पूर्ण अँपिअर मागणं मला पटत नाही. आतले कपॅसिटर थकलेले असतात आणि सोलापूरचा उन्हाळा त्यांना आणखी थकवतो. लेबलवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका. खाली एकत्रित वॅटचा आकडा दिलेला असतो तो घ्या.

मग वायरी मोजा. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त हवे असतील तर सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. तुमच्या एसएमपीएसमधून अशी वायर निघत नसेल तर तो डबा मोठ्या कार्डासाठी बनलेलाच नाही.

सावधान: सॅटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या वायरीवरून सहा पिन काढून देणारा अडॅप्टर बाजारात स्वस्तात मिळतो. तो लावू नका. सॅटाचा प्लग १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतच पेलतो. त्यातून ७५ ओढले की आधी प्लॅस्टिक वितळतं आणि मग त्याच्या पुढचं जळतं.

सावधान: प्रोसेसरसाठीची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला सारखी, पण जोडणी वेगळी. प्रोसेसरची चार अधिक चार अशी विभागते, कार्डाची सहा अधिक दोन. जोर लावून बसवली तर कार्ड, एसएमपीएस किंवा दोन्ही गमवाल.

ऑफिसातून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे मशीन घरी वापरत असाल तर वेगळी अडचण आहे. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये बोर्डाला नेहमीचा २४ पिनांचा प्लग नसतो, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस तसाच बसत नाही. तिथे ७५ वॅटच्या आतलं, वेगळी वायर न लागणारं कार्डच घ्यावं.

एसएमपीएस बदलायचा निर्णय झाला तर ८० प्लसचा (वीज कमी वाया जाते याचा) शिक्का, चांगल्या कंपनीचं नाव आणि काही वर्षांची वॉरंटी पाहून घ्या. ७५ वॅटच्या कार्डासाठी ४५० वॅटचा पुरतो. १३० वॅटच्या आसपासच्या कार्डासाठी ५५० चा घ्या. कार्डाच्या पैशातून थोडे काढून इथे घाला, असंच मी प्रत्येकाला सांगतो. स्वस्त एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही.

यूपीएसचाही हिशोब इथेच करून टाका. घराघरांत दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतो. १३० वॅटचं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून गेम चालू असताना तीनशेच्या जवळ जातात. बॅटरी जुनी असेल तर लाईट जाताक्षणी यूपीएस चीं करून बंद पडेल.

आणि अर्थिंग. उघड्या पायांनी कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर आधी वायरमन बोलवा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची वायरच नसते.

## टप्पा ३: जागा मोजा

शिवणकामाची टेप घ्या. कॅबिनेटच्या मागच्या पट्ट्यांपासून समोरच्या हार्डडिस्कच्या खणापर्यंत किती मिलिमीटर मोकळे आहेत ते मोजा. एका पंख्याची कार्डं साधारण १७० मिलिमीटरच्या आसपास असतात, दोन पंख्यांची २०० ते २४०. मोजलेल्या अंतरातून २० मिलिमीटर वजा करून उरेल तेवढंच कार्ड घ्या, कारण ते तिरकं करून आत घालावं लागतं.

मग लांब स्लॉट शोधा, प्रोसेसरच्या खाली असतो तो. त्याच्या खालच्या पट्टीची जागाही मोकळी हवी. बहुतेक कार्डं दोन पट्ट्यांची जागा खातात. तिथे वायफाय कार्ड किंवा जुना टीव्ही ट्यूनर असेल तर तो काढावा लागेल. सॅटाच्या केबलचे प्लगही नेमके कार्डाच्या शेपटाखाली येतात. आडव्या तोंडाची केबल लागेल का ते बघून ठेवा.

सडपातळ ऑफिस कॅबिनेट असेल तर पूर्ण उंचीचं कार्ड आत जाणारच नाही. अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल कार्ड मागा आणि छोटी पट्टी खोक्यात आहे याची खात्री दुकानातच करा.

## टप्पा ४: मॉनिटर आणि प्रोसेसरची परीक्षा

आजच्या कार्डांवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात, व्हीजीए नसतो. मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए असा कन्व्हर्टर लागतो, ज्याच्या आत चिप असते. नुसती दोन तोंडांची साधी केबल चालत नाही. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा असेल तर मोठ्या कार्डावर पैसे घालून फार काही हाती लागत नाही. त्या रिझोल्यूशनला कार्डाला काम कमी पडतं आणि गाडी प्रोसेसरवर अडते.

प्रोसेसर तपासायचा सोपा मार्ग आहे. हवा तो गेम सगळ्यात कमी सेटिंगवर आणि सगळ्यात लहान रिझोल्यूशनवर लावा. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, किती टक्के वापरला जातोय ते बघा. तिथे जीपीयू दिसत नसेल तर जीपीयू-झेड टाका. जीपीयू ९५ टक्क्यांवर अडकलाय आणि प्रोसेसरला श्वास आहे, तर कार्डाने फरक पडेल. जीपीयू ५०-६० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि तरीही गेम अडखळतोय, तर दोष प्रोसेसरचा किंवा रॅमचा आहे. नवं कार्ड तो अडखळणं घालवू शकत नाही.

रॅमबद्दल एकच सांगतो. आठ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा. दोन पट्ट्या झाल्या की प्रोसेसरला रॅमपर्यंत दोन वाटा मिळतात आणि कमीत कमी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वर सरकतात. गेम जुन्या हार्डडिस्कवरून चालत असेल तर एसएसडी आधी. ही दोन कामं बऱ्याच घरांत कार्डाआधी करायला हवीत. फ्री फायरसारखे मोबाइलचे गेम एम्युलेटरवर खेळायचे असतील तर तिथे तर प्रोसेसर आणि रॅमच जास्त लागतात.

## टप्पा ५: कोणतं कार्ड

भाव दर महिन्याला हलतात, म्हणून किमती लिहीत नाही. तुमच्या कागदावरच्या आकड्यांनुसार निवडा.

एसएमपीएस बदलायचा नाही आणि वेगळी वायर नाही: आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीचं मॉडेल, ७० वॅट. ते २०२४ च्या सुरुवातीला आलं आणि बहुतेक कंपन्यांच्या कार्डांना वेगळी वायर लागत नाही. त्याखाली जीटीएक्स १६५०, ७५ वॅट. पण १६५० च्या काही मॉडेलला सहा पिनांची वायर लागते, म्हणून खोक्याचा फोटो बघूनच ठरवा. दुकानात मागताना "३०५०" एवढंच म्हणू नका. आठ जीबीचं ३०५० हे वेगळं कार्ड आहे, १३० वॅटचं, आणि त्याला वायर लागते.

एसएमपीएस चांगला आहे किंवा बदलणार आहात: आरएक्स ६६००, आठ जीबी, १३२ वॅट. जुन्या मशीनसाठी मला हेच सगळ्यात समतोल वाटतं. आरटीएक्स ४०६० ११५ वॅटचं आहे, पण चौथ्या पिढीच्या प्रोसेसरसोबत त्याची अर्धी ताकद पडून राहील.

आता दोन कार्डं, जी जुन्या मशीनमध्ये टाळावीत. पहिलं आरएक्स ६४००, आणि त्याचा मोठा भाऊ ६५०० एक्सटी. दोन्ही फक्त चार लेनवर, म्हणजे डेटा नेणाऱ्या चार वाटांवर चालतात. पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्डाच्या स्लॉटच्या) चौथ्या पिढीत एक लेन सेकंदाला सुमारे दोन जीबी वाहून नेते, तिसरीत एक. म्हणजे तुमच्या जुन्या बोर्डावर या कार्डाची वाट आठऐवजी चार जीबीची होते, आणि चार जीबी मेमरी भरली की गेम धक्के खायला लागतो. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरवर तर लेनचा वेग त्याच्याही निम्मा. नवीन मशीनमध्ये ठीक असलेलं कार्ड जुन्यात का रडतं, त्याचं कारण हे आहे.

दुसरं म्हणजे इंटेलची आर्क कार्डं. त्यांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय बोर्डात चालू लागते, नाहीतर वेग फार पडतो. इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर सुचवते. आपल्या बहुतेक जुन्या बोर्डांत ती सोय नाही.

सेकंडहँडमध्ये जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० भरपूर फिरतात. एनव्हिडियाने या पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेपुरती अपडेट्स ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. जुने गेम खेळायचे तर चालेल, पण भाव करताना ही गोष्ट समोरच्याला सांगा.

## टप्पा ६: विकत घेताना

नवं कार्ड घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीला कार्ड द्यायचं झालं तर सोलापुरातच जमा होईल की पुण्याला पाठवावं लागेल, खर्च कुणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा. ऑनलाइन मागवत असाल तर पार्सलवरचा पत्ता दिसतोय तिथपासून कार्ड हातात येईपर्यंत एकच अखंड व्हिडिओ काढा.

सेकंडहँड कार्ड चालू मशीनमध्ये बघितल्याशिवाय घेऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा सिकंदराबादच्या सीटीसी या कॉम्प्युटर बाजारातून कोणी आणून देणार असेल तर त्यालाही हेच सांगा. बघायचं असं:

आधी जीपीयू-झेड चालवा. जुन्या फालतू कार्डावर बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून १०५० टीआयचं नाव चढवलेली नकली कार्डं बाजारात आहेत. जीपीयू-झेड अशा बऱ्याच कार्डांच्या नावाआधी फेक असं दाखवतं. आरएक्स ५८० घेत असाल तर जीपीयू-झेडमध्येच शेडर्सचा (चिपमधल्या छोट्या गणन-भागांचा) आकडा बघा. खरं ५८० २३०४ चं असतं. २०४८ लिहिलं असेल तर ते कमी ताकदीचं मॉडेल, आणि त्याचा भावही कमीच हवा.

मग फरमार्क, हे कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर, दहा मिनिटं चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी किंवा आडव्या रेषा आल्या तर मेमरी गेली आहे. हात जोडून निघा. पंख्याचा खरखर आवाज येतो का ऐका. प्रत्येक पोर्टला केबल लावून चित्र येतं का बघा. शेवटी कार्ड हातात घेऊन पाठीमागचे स्क्रू निरखा. डोकी झिजलेली असतील तर कार्ड उघडलं गेलंय. चिपच्या आजूबाजूचा बोर्ड तपकिरी पडला असेल तर ते खूप तापलंय. मेमरीच्या चिपांभोवती चमकदार ओशट थर दिसला तर कोणीतरी गरम हवेने टाका मारलाय, असं धरून चाला.

"मायनिंगचं (क्रिप्टो काढायला रात्रंदिवस चालवलेलं) नाही, घरी वापरलंय" हे सगळेच सांगतात. त्यावर वाद घालू नका, फरमार्ककडे बघा.

## टप्पा ७: साफसफाई आणि जुना ड्रायव्हर

कार्ड घरी आलं तरी ते खोक्यातच राहू द्या. आधी मशीन गॅलरीत किंवा अंगणात नेऊन ब्लोअरने साफ करा. पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या हवेने पंखा भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घरात किंवा भिंतीपलीकडे पॉवरलूम चालतात, तिथली मशीनं जास्त बारकाईने साफ करावी लागतात. प्रोसेसरचा पंखा उचलला की खालच्या जाळीवर सुताच्या तुसाचा करडा थर नमद्यासारखा बसलेला असतो. वरून ब्लोअर मारून तो निघत नाही. पंखा वेगळा करून, मऊ ब्रशने कडेकडेने सोडवून मग उचलावा लागतो. हीटसिंकही काढला असेल तर परत लावताना जुनी पेस्ट पुसून नवी थर्मल पेस्ट हवीच.

मशीनमध्ये आधीचं वेगळं कार्ड असेल आणि कंपनी बदलत असेल, म्हणजे एएमडीवरून एनव्हिडिया किंवा उलट, तर जुना ड्रायव्हर पूर्ण काढा. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा. मग नेट बंद करा, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करा आणि डीडीयू या मोफत सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर साफ करून मशीन बंद करा. नेट चालू राहिलं तर विंडोज मधेच आपल्या मनाने कुठलातरी ड्रायव्हर टाकून ठेवतं. आधी फक्त बोर्डावरचे ग्राफिक्स वापरत असाल तर हे सगळं करायची गरज नाही.

## टप्पा ८: कार्ड बसवणं

१. प्लग काढा, पॉवर बटण दाबून उरलेला चार्ज घालवा. मशीन लाकडी टेबलावर आडवं ठेवा. खाली चादर किंवा सतरंजी अंथरू नका; तूस आत जातो.

२. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावा आणि मधूनमधून लावत राहा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगात स्थिर वीज सहज साठते, त्यात टेरिकॉटचा शर्ट असेल तर जास्तच.

३. जुनं कार्ड असेल तर आधी त्याचा स्क्रू, मग वायर, मग स्लॉटच्या टोकाची कुंडी दाबून कार्ड सरळ वर. कुंडी न दाबता ओढलं तर स्लॉटच उपटतो.

४. मागच्या पट्ट्या काढा. कार्ड स्लॉटवर धरून नेमक्या कोणत्या दोन पट्ट्या येतात ते आधी बघा. बरेच जण एक पट्टी वरची काढतात आणि भोक तसंच राहतं. स्वस्त कॅबिनेटमध्ये पट्ट्या वाकवून तोडाव्या लागतात, त्यांच्या कडा पातीसारख्या धारदार असतात. पक्कड वापरा.

५. स्लॉटची कुंडी उघडी करा. कार्ड कडांनी धरा, सोनेरी पट्टीला बोट लावू नका. सरळ खाली, दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन बसवा. "टक" असा आवाज येतो आणि कुंडी आपोआप बंद होते.

६. स्क्रू आवळा. मग कार्डाची वायर लावा, तिचीही कुंडी बसल्याचा आवाज यायला हवा.

तपासा: खाली वाकून आडव्या नजरेने स्लॉट बघा. सोनेरी पट्टी कुठेही दिसता कामा नये. मागच्या टोकाला एक मिलिमीटर जरी दिसत असेल तर कार्ड बसलेलं नाही. पंख्यात कुठली वायर अडकत नाही ना, तेही बघा.

## टप्पा ९: पहिल्यांदा चालू करणं

मॉनिटरची केबल आता कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. बोर्डाचे पोर्ट उभे आणि वर असतात, कार्डाचे आडवे आणि खाली. "कार्ड टाकलं तरी गेम तसाच अडकतो" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या घरी मी सगळ्यात आधी हीच केबल बघतो.

मशीन चालू करा, पण बाजूचं झाकण लावू नका. पंखा फिरत नाही म्हणून घाबरू नका. बरीच नवी कार्डं गार असताना पंखा बंदच ठेवतात.

चित्र आलं तर बायोसमध्ये जाऊन प्रायमरी डिस्प्लेची सेटिंग बघा. ती ऑनबोर्डवर असेल तर पीसीआय एक्सप्रेसवर आणा. मग विंडोजमध्ये आधी डाउनलोड केलेला ड्रायव्हर टाका, मशीन रिस्टार्ट करा आणि नंतरच नेट जोडा.

चित्र आलंच नाही तर या क्रमाने चला. कार्ड काढून परत बसवा. कार्डाची वायर तपासा. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर वापरत असाल तर शेजाऱ्याचा एचडीएमआय टीव्ही लावून बघा, कारण कन्व्हर्टर बरेचदा फसवतो. रॅमची एक पट्टी काढून बघा. यातही काही झालं नाही तर बोर्डाचा बायोस जुना असण्याची शक्यता आहे; इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या काही बोर्डांवर नवी कार्डं यूईएफआय (नव्या धाटणीचा बायोस) नसल्यामुळे चित्रच देत नाहीत. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर नवा बायोस असेल तर तो टाकता येतो. मात्र बायोस अपडेट करताना मशीन यूपीएसवरच हवं. मधेच लाईट गेली तर बोर्ड जाऊ शकतो.

## टप्पा १०: उन्हाळ्याची परीक्षा

जीपीयू-झेडमध्ये सेन्सर्सचं पान उघडा आणि गेम अर्धा तास चालवा. तापमान, घड्याळाचा वेग आणि पंख्याचा वेग बघा. बरीच एनव्हिडिया कार्डं ८३ अंशांच्या आसपास गेली की वेग कमी करायला लागतात. डिसेंबरमध्ये २५ अंशांच्या खोलीत ७० दिसलं म्हणून समाधान मानू नका. एप्रिल-मेमध्ये सोलापूर ४२-४३ च्या पुढे जातं, पत्र्याखालची खोली त्याहून गरम. खोली जेवढे अंश चढेल साधारण तेवढेच अंश कार्डही चढतं. थंडीत ७० म्हणजे उन्हाळ्यात ८७ च्या पुढे धरा.

उपाय या क्रमाने: कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या आणि टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. समोरून हवा आत ओढणारा एक पंखा लावा. जुन्या कॅबिनेटमध्ये ती जागा असते, पंखा नसतो. मग गेमला ६० एफपीएसची मर्यादा घाला. मॉनिटर ६० हर्ट्झचा असताना कार्ड १२० फ्रेम काढत राहिलं तर वरच्या निम्म्या फ्रेमची उष्णता फुकट. त्यानंतरही तापत असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणा. एफपीएस थोडेच घटतात, तापमान बरंच उतरतं. कूलरसमोर पीसी ठेवायची कल्पना मात्र सोडा. डेझर्ट कूलरची हवा ओली असते, आणि ती सरळ कॅबिनेटमध्ये शिरलेली बोर्डाला सोसत नाही.

गेममध्ये मशीन अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर तो एसएमपीएस. टप्पा दोनवर परत जा. मशीन चालू राहून फक्त पडदा काळा होतो आणि परत येतो, तर आधी ड्रायव्हर, मग तापमान. रंगीत चौकटी आल्या तर कार्ड, आणि ते वॉरंटीत असेल तर त्याच आठवड्यात दुकानात न्या. खोकं, त्यातली प्लॅस्टिकची पिशवी आणि बिल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवा, आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडून जातात.